शॉक उपचारानंतरचे सहा महिने : आठवणी, काम आणि औषधे

यावल तालुक्यातील एका सूनबाईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या ५८ वर्षांच्या सासूबाईंना दिवाळीनंतर तीव्र नैराश्य आले. अन्न सुटले, बोलणे बंद पडले आणि ‘माझ्या पापाने हे घर बुडाले’ असे त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. गोळ्यांना दाद मिळेना, म्हणून भूल देऊन आठ वेळा शॉक उपचार, म्हणजे ईसीटी, देण्यात आले. शेवटचा उपचार होऊन दीड महिना झाला आहे. आता त्या जेवतात, झोपतात, नातवाला मांडीवर घेतात. पण त्याच नातवाच्या बारशाचे त्यांना काही आठवत नाही, दुपारभर त्या ओट्यावर गप्प बसून असतात आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. भाऊबंदांत ‘करंटने मेंदू जळाला’ अशी कुजबुज आहे. सूनबाई विचारतात की सासूबाई पूर्वीसारख्या होतील का, या आयुष्याला चांगले म्हणावे का, आणि चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाण्याचा त्यांचा हट्ट पुरवावा का.

ताई, तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून मला सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती ही की जी बाई मरणाच्या वाटेवर होती ती आज जेवते आहे आणि तिला गडावर जावेसे वाटते आहे. नैराश्यातल्या माणसाला कशाचीच इच्छा उरत नाही. आमच्याकडे येणारी म्हातारी माणसे ‘माले काहीच गोड लागत नही’ एवढ्या एका वाक्यात तो सारा आजार सांगून टाकतात. इच्छा परत येणे ही फार खोलवरची सुधारणा आहे. तरीही तुमची काळजी मला पोकळ वाटत नाही, कारण नैराश्य उतरणे आणि आयुष्य पुन्हा सुरळीत चालू लागणे या एकाच दिवशी घडणाऱ्या गोष्टी नाहीत. अतिवृष्टीचे पाणी शेतातून निघून गेले म्हणून दुसऱ्या दिवशी तिफण घालता येत नाही, वाफसा यावा लागतो. शॉक उपचार पाणी काढून देतात. वाफसा येण्याचा काळ पुढच्या काही महिन्यांचा असतो, आणि बहुतेक घरांत गफलत होते ती याच काळात, कारण दवाखान्यातून सुटी मिळाली म्हणजे उपचार संपला असे सर्वांनी धरलेले असते.

आम्ही डॉक्टरही या गफलतीला हातभार लावतो. नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी आम्ही बहुधा हॅमिल्टन यांची १९६० मधली मोजपट्टी वापरतो. ती झोप, भूक, अपराधी भावना, मरणाचे विचार, हालचालींतील मंदपणा अशा लक्षणांचे गुण देते. गुण खाली आले की आम्ही ‘रुग्ण बरा’ असे लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमान मोजण्यासाठी २६ प्रश्नांची जी लहान प्रश्नावली तयार केली, तिचा रोख निराळा आहे. शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती या चार अंगांनी ती माणसाला स्वतःलाच विचारते की तुमच्या आयुष्याबद्दल तुम्हाला काय वाटते. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत त्या प्रश्नांचा अर्थ काढायचा तर तो असा निघेल : त्यांना घरात आपला उपयोग वाटतो का, चार बायकांत बसावेसे वाटते का, सकाळी उठल्यावर दिवस नकोसा वाटतो की बरा वाटतो, आणि घरातली माणसे त्यांच्याशी पूर्वीसारखी बोलतात का. हे शेवटचे उत्तर त्यांच्या मेंदूवर कमी आणि तुमच्या घरावर जास्त अवलंबून आहे.

अमेरिकेत साठीपुढील २४० नैराश्यग्रस्तांवर अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शॉक उपचार आणि त्यासोबत एक नैराश्यविरोधी औषध घेऊन सुमारे ६२ टक्के लोकांची लक्षणे जवळजवळ पूर्ण गेली. ज्यांचे नैराश्य गेले त्यांचे जीवनमानाचे गुणही ठळकपणे वाढले. उपचारानंतरच्या जीवनमानावर झालेल्या इतर कामांतूनही हेच पुढे येते की उपचाराआधी ते अतिशय खालावलेले असते आणि मन सावरले की त्याच्या मागोमाग तेही वर येते. भ्रम असलेले नैराश्य, म्हणजे ‘माझ्या पापाने घर बुडाले’ अशी पक्की समजूत झालेले नैराश्य, या उपचाराला विशेष चांगले वळते. त्यामुळे तुमच्या सासूबाईंसाठी निवडलेला उपचार योग्यच होता, असे मी मोकळेपणाने म्हणतो.

आता आठवणीचा विषय. तो मी लांबवणार आहे, कारण त्याबाबत दोन्ही बाजूंनी चुकीचे बोलले जाते. एका बाजूला भाऊबंद म्हणतात की मेंदू जळाला, दुसऱ्या बाजूला काही डॉक्टर म्हणतात की काहीही होत नाही, मनाचे खेळ आहेत. दोन्ही खरे नाही. शॉक उपचारानंतर दोन प्रकारची विस्मृती दिसते. पहिली नव्या गोष्टी न टिकण्याची : सकाळी काय जेवलो, कोण येऊन गेले, चष्मा कुठे ठेवला. ही उपचार चालू असताना आणि त्यानंतरचे काही दिवस असते आणि मग ओसरते. ८४ अभ्यासांतील सुमारे तीन हजार रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून २०१० मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात हा मंदपणा मुख्यतः उपचारानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसला, आणि दोन आठवड्यांनंतर बऱ्याच चाचण्यांत रुग्णांची कामगिरी उपचारापूर्वीपेक्षाही चांगली आढळली. याचे कारण उघड आहे. नैराश्य स्वतःच लक्ष, विचार आणि स्मरण यांना जखडून ठेवते.

दुसरी विस्मृती घडून गेलेल्या प्रसंगांची, आणि तिच्याबद्दल मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. उपचाराच्या आधीचे काही आठवडे, काही महिने यांतल्या आठवणी विरळ होतात. त्यांतल्या काही परत येतात, काही येत नाहीत. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले एक परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात निरनिराळ्या अभ्यासांतील २९ ते ५५ टक्के लोकांनी सांगितले की आपल्या काही आठवणी कायमच्या गेल्या. चाचण्यांच्या कागदावर हा तोटा नीट पकडला जात नाही, कारण यादीतले शब्द पाठ म्हणता येणे वेगळे आणि नातवाचे बारसे आठवणे वेगळे. बारसे नैराश्याच्या ऐन भरात झाले असेल तर ती आठवण मुळात नीट साठवलीच गेली नसेल, हीही शक्यता आहे. शॉकमुळे पुसली गेली की आजारामुळे उमटलीच नाही, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ती बहुधा परत येणार नाही, असे धरून चालावे.

पण एक गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून पाहा. जुन्या आठवणी सहसा शाबूत असतात. त्यांना आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हणायला सांगा, माहेरच्या झोक्याबद्दल विचारा, लग्नात वऱ्हाड कुठे उतरले होते ते विचारा. माझा अनुभव असा की तिथे त्या तुम्हाला अडखळलेल्या दिसणार नाहीत. हातांची आठवण तर आणखी पक्की असते. खापरावर मांडे टाकणारी बाई मांडे कसे टाकायचे ते विसरत नाही, कारण ते स्मरण प्रसंगांच्या स्मरणापेक्षा निराळ्या वाटेने साठलेले असते. म्हणून त्या चुलीपाशी येत नाहीत, याचे कारण ‘सगळे विसरल्या’ हे बहुतेक नाही. त्याकडे मी पुढे येतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका माणसाच्या बाबतीत चूक केली होती आणि तिचे मला आजही वाईट वाटते. केळीची बाग असलेला, पन्नाशीच्या आतला एक शेतकरी सहा उपचारांनंतर चांगला सावरला होता. तपासणीला आला तेव्हा म्हणाला, ‘साहेब, मधले तीन महिने गायब आहेत. कुणाला पैसे दिले, कुणाकडून घ्यायचे, काही कळत नाही.’ मी त्याच्या गुणपत्रकाकडे पाहिले, ते उत्तम होते, आणि मी त्याला सांगितले की काळजी करू नका, सगळे येईल. तो चार महिने वाट पाहत राहिला. त्या काळात दोघांनी त्याचे घेतलेले पैसे नाकारले, त्याचा स्वतःवरचा विश्वास गेला आणि तो बाजारात जाईनासा झाला. शेवटी त्याच्या बायकोने व्यापाऱ्यांच्या पट्ट्या, दुकानाची उधारीची वही आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून तीन महिन्यांचा हिशेब तारीखवार लिहून काढला. ती वही हातात आल्यावर तो माणूस पुन्हा ताठ मानेने बाजारात गेला. आठवण परत आली नव्हती. पण आपल्या आयुष्याची माहिती त्याच्या हाती परत आली होती. जे काम मी पहिल्या आठवड्यात सुचवायला हवे होते ते त्या माउलीने केले.

तुम्हीही तेच करा. कार्तिकापासून आजवर घरात काय काय घडले, ते एका वहीत त्यांच्यासोबत बसून लिहा. बारशाचे फोटो दाखवा, नाव कोणी ठेवले, पाळण्याला काय बांधले होते, आहेर कोणाचा आला, हे गोष्ट सांगावी तसे सांगा. मात्र परीक्षा घेऊ नका. ‘आठवते का? हे तरी आठवते का?’ असे पाहुण्यांसमोर विचारणे म्हणजे बऱ्या होणाऱ्या जखमेची खपली काढणे आहे. आणि त्यांनी स्वतःहून ‘मला आठवत नाही’ म्हटले तर ‘असू दे, त्यात काय’ असे म्हणून तो विषय मिटवू नका. पहिल्या नातवाचे बारसे आजीला न आठवणे हे दुःख आहे आणि ते दुःख म्हणूनच ऐकून घ्यावे.

पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारून लिहून घ्या, कारण पुन्हा कधी उपचाराची वेळ आली तर ती कामी येते. विद्युत्पट्ट्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या होत्या की फक्त उजव्या बाजूला, हे विचारा. दोन्ही बाजूंनी दिलेला उपचार लवकर परिणाम दाखवतो, पण विस्मृती जास्त करतो. उजव्या बाजूने पुरेशा मात्रेत दिलेला स्मरणाला सौम्य असतो. जुन्या यंत्रांतून येणारा सलग लहरींचा प्रवाह आता वापरू नये. आजची यंत्रे तुटक, अत्यंत लहान स्पंद देतात. आठवड्यातून तीनऐवजी दोनदा उपचार दिला तर गोंधळलेपण कमी राहते. हे सगळे रुग्णाच्या हिताचे तपशील आहेत, ते विचारण्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही.

‘मेंदू जळाला’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे, असाही तुमचा प्रश्न दिसतो. त्यांची भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. हा उपचार १९३८ मध्ये रोम येथे उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी सुरू केला तेव्हा भूल दिली जात नसे, रुग्णाचे सारे अंग झटके देई आणि कधी हाडेही मोडत. स्नायू सैल करणारे औषध १९५० नंतरच्या दशकात वापरात आले, तरी आपल्याकडे अनेक ठिकाणी जुनी पद्धत पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. गावातल्या वडीलधाऱ्यांनी जे पाहिले किंवा ऐकले ते त्या काळचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता हा उपचार करण्यास बंदी घातली आहे. आज विजेचा प्रवाह एका अँपिअरपेक्षा कमी आणि काही सेकंदांपुरता असतो. त्याने मेंदूत काही जळत नाही. त्याने मेंदूत एक नियंत्रित झटका येतो, जो सहसा मिनिटाच्या आत थांबतो. एमआरआयच्या अभ्यासांत उपचारानंतर मेंदूच्या पेशी मेल्याचे आढळलेले नाही. उलट स्मरणाशी संबंधित भागाचे आकारमान काही काळ वाढलेले दिसते. धोक्याबद्दल सांगायचे तर एक लाख उपचारांमागे सुमारे दोन मृत्यू असे प्रमाण जगभरच्या नोंदींतून निघाले आहे, आणि भुलेखाली होणाऱ्या लहान शस्त्रक्रियांच्या तुलनेत ते कमीच आहे. एवढे सांगूनही कोणी कुजबुजतच राहिले, तर त्यांचे मन वळवण्यात तुमची शक्ती घालवू नका. सासूबाईंच्या कानावर ते जाणार नाही एवढे मात्र कठोरपणे सांभाळा. आपला मेंदू जळला आहे अशी ज्याची खात्री करून दिली जाते, तो माणूस काही करून पाहायलाच घाबरतो.

त्या दुपारभर गप्प बसतात, त्यामागे मला तीन-चार शक्यता दिसतात आणि त्या एकेक करून तपासाव्या लागतील. नैराश्य थोडे उरले असेल. रात्रीच्या गोळीची गुंगी दुपारपर्यंत रेंगाळत असेल; तसे असेल तर मात्रा किंवा वेळ बदलता येते. थायरॉइड मंदावली असेल, विशेषतः त्यांना लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध चालू आहे म्हणून. आणि आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरांत वारंवार आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल. तिच्यामुळे विसराळूपणा, थकवा, हातापायांना मुंग्या असे सगळे होते आणि दोष मात्र शॉकच्या माथी येतो. साध्या रक्ततपासणीत हे कळते. तेवढी तपासणी या आठवड्यात करून घ्या.

शेवटची शक्यता घरातली आहे आणि ती मला सर्वांत जास्त वेळा दिसते. तुम्ही लिहिता की ‘आम्ही त्यांना कशालाच हात लावू देत नाही, त्यांनी आता आराम करावा.’ हे प्रेमापोटी आहे, हे मी जाणतो. पण ज्या बाईने चाळीस वर्षे पहाटे उठून सालदाराच्या न्याहारीपासून सारे पाहिले, तिच्या हातून पोळपाट काढून घेतल्यावर तिने दुपारभर काय करावे? घर माझ्यामुळे बुडाले, हा तिचा भ्रम होता, आणि आता घर तिच्यावाचून चालते आहे, हे तिला रोज दिसते. कामाची सुरुवात लहान आणि ठरावीक ठेवा. सकाळी कोथिंबीर-मेथी निवडणे, मग आठवडाभराने भरतासाठी वांगी भाजणे, मग कळण्याच्या दोन भाकरी. काम चुकले तर ते त्यांच्या मागे गुपचूप दुरुस्त करू नका, सोबत करा. चैत्रात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करण्याच्या दिवसांत गल्लीतल्या बायका एकत्र जमतात, तिथे त्यांना तासभर नुसते बसू द्या. हात आपोआप पुढे येतील. कामाचा हिशेब ठेवायचा तर ‘पूर्वीइतके होते का’ असा ठेवू नका, ‘गेल्या आठवड्यापेक्षा काय वाढले’ असा ठेवा.

आता औषधांविषयी. तुमच्या थोरल्या दिरांचे म्हणणे तुम्ही कळवले आहे की ‘शॉक दिले, बाई बरी झाली, मग आता गोळ्या कशाला.’ हे वाक्य मी धुळ्यापासून रावेरपर्यंत शेकडो घरांत ऐकले आहे आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजलेली पाहिली आहे. शॉक उपचार नैराश्याचा आलेला फेरा मोडतो, पुढचा फेरा रोखण्याची हमी देत नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. शॉक उपचाराने बरे झालेल्या रुग्णांचे तीन गट करून सहा महिने पाहिले गेले. ज्यांना नुसती औषधविरहित गोळी दिली, त्यांतल्या ८४ टक्के लोकांचे नैराश्य उलटले, म्हणजे परत आले. नॉर्ट्रिप्टिलीन हे नैराश्यविरोधी औषध घेणाऱ्यांत ते प्रमाण ६० टक्के होते आणि नॉर्ट्रिप्टिलीनसोबत लिथियम घेणाऱ्यांत ३९ टक्के. बहुतेकांचे उलटणे पहिल्या काही आठवड्यांतलेच होते. म्हणजे तुम्ही आज ज्या काळात आहात तोच काळ सर्वांत निसरडा आहे. गोळ्या घेऊनही ३९ टक्के हा आकडा लहान नाही, हे मी लपवत नाही; पण ८४ आणि ३९ यांतले अंतर म्हणजे कितीतरी घरांचे स्वास्थ्य आहे.

काही रुग्णांना औषधांऐवजी किंवा औषधांसोबत महिन्यातून एखादा शॉक उपचार चालू ठेवतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांत उलटण्याचे प्रमाण अशा उपचारात ३७ टक्के आणि औषधांच्या जोडीत ३२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. त्यामुळे निवड करताना माणसाचे जगणे पाहावे. धडगावच्या डोंगरातून उपाशीपोटी धुळ्यापर्यंत येणे, सोबत एकाची मजुरी बुडणे, हाही जीवनमानाचाच भाग आहे. तुमच्या सासूबाईंना औषधे लागू पडत असतील तर आधी तीच नेटाने चालवावीत, असे माझे मत आहे.

त्यांच्या चिठ्ठीवर लिथियम आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून पुढचे नीट वाचा. लिथियम मिठासारखा क्षार आहे आणि तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि त्याची रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या काळात हे प्रत्यक्षात घडते. त्यांना दिवसभर पाणी, ताक, लिंबूसरबत मिळत राहील असे पाहा आणि मीठ एकदम तोडू नका. निर्जळ उपवास करू देऊ नका. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका, गावातल्या डॉक्टरांकडे त्याचे इंजेक्शनही घेऊ नका. त्यानेही लिथियम वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढते, तेव्हा कोणतीही नवी गोळी देणाऱ्याला आधी लिथियमचे सांगा. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणे, बोबडे बोलणे यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. लिथियमची पातळी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन तपासतात. उन्हाळा तापण्यापूर्वी एकदा ती करून घ्या आणि थायरॉइड व मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी करा.

म्हणूनच गडाच्या हट्टाचे माझे उत्तर असे की त्यांना जरूर न्या, पण पायी नाही. दिंडीतले ते कित्येक दिवसांचे चैत्राचे ऊन, वेळी-अवेळी जेवण, मोडलेली झोप आणि लिथियम हे एकत्र चालणार नाही. एसटीने न्या, पहाटे दर्शन घडवा, गोळ्यांची पिशवी जवळ ठेवा आणि शक्य असेल तर रात्री घरी या. पुढच्या वर्षी पायी जायचे की नाही, ते तेव्हाची प्रकृती पाहून ठरवता येईल. ‘देवीला नवस आहे’ असे त्यांनी म्हटले तर त्याची टिंगल होऊ देऊ नका. श्रद्धेने माणूस घराबाहेर पडत असेल तर ती उपचाराच्या बाजूने उभी आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिले काही महिने जमिनीचे, कर्जाचे कोणतेही कागद त्यांच्या सहीसाठी पुढे करू नका. सही करणे टळत नसेल तर आधी डॉक्टरांशी बोला. फवारणीची औषधे घरात किंवा गोठ्यात उघड्यावर असतील तर आजच कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्या आज बऱ्या आहेत म्हणून हे लांबणीवर टाकू नका. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, ताटातले अर्धे जेवण ठेवणे, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ हे वाक्य परत येणे, या खुणा लागोपाठ चार-पाच दिवस दिसल्या तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेलिमानसचा शासकीय क्रमांक आहे. तो चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

एका गोष्टीबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, म्हणून विचारतो. आपल्यावर कोणता उपचार झाला, हे सासूबाईंना कोणी सांगितले आहे का? त्या बोलत नव्हत्या तेव्हा संमती घरच्यांनी दिली असेल, त्या वेळी दुसरा मार्गही नसेल. पण आज त्या शुद्धीवर आहेत आणि तो त्यांचा देह आहे. ब्रिटनमधील रुग्णांच्या सांगण्यात सुमारे एक तृतीयांश लोकांना वाटले होते की संमतीच्या कागदावर सही केली तरी ती मनापासून दिलेली नव्हती, आणि ही भावना कित्येक वर्षे टिकून राहते. बरीच घरे ‘सलाईन लावले होते’ असे सांगून वेळ मारून नेतात. मग एखादी शेजारीण खरे सांगते आणि घरच्यांवरचा विश्वास जातो. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला साधे बोलणे जमेल. तुम्ही किती आजारी होता, आम्ही किती घाबरलो होतो, म्हणून हे केले, असे सांगा आणि त्या चिडल्या, रडल्या तर तसे होऊ द्या. पुन्हा आजार आला तर हाच उपचार घ्यायचा की नाही, आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने त्यांना दिला आहे. आज त्यांचे मन स्थिर आहे, म्हणून हे विचारण्याची वेळही आजच आहे.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला जाताना घटनांची ती वही, बी-१२, थायरॉइड आणि लिथियमचे अहवाल, आणि उपचार कोणत्या बाजूने दिला त्याची नोंद घेऊन जा. खोलीत गेल्यावर त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका. ‘तुम्हाला स्वतःला कसे वाटते’ हे डॉक्टरांना थेट त्यांनाच विचारू द्या, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा. आखाजीला नणंदा माहेरी येतील तेव्हा खापर चुलीवर चढवा आणि पहिला मांडा कोणी टाकायचा ते सासूबाईंनाच ठरवू द्या.